मुखपृष्ठ गेलेला सायक्लोस्टाइल कवितांचा अंक ‘शब्द’चा आहे, हे ठरवायचं कसं?

(वाचकांची चर्चा. प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पार्कचौक

सोलापुरातल्या एका वाचनालयाकडे एका दिवंगत प्राध्यापकांच्या घरून पुस्तकं आली आहेत. त्यात लघुअनियतकालिकांचा, म्हणजे लेखकांनी स्वतः जमेल तेव्हा काढलेल्या छोट्या अंकांचा, एक गठ्ठा निघाला. १४ अंक आहेत. बहुतेक छापील असून त्यांवर नाव, पत्ता, मुद्रकाची ओळ सगळं आहे. एक मात्र सायक्लोस्टाइल, म्हणजे मेणकागदाच्या स्टेन्सिलवरून यंत्राने काढलेला आहे. फुलस्केप कागद मधोमध दुमडलेले, घडीवर दोन पिना, त्याही गंजलेल्या. वरचा कागद गेला आहे. उरलेल्या पानांवर ३ ते २६ असे आकडे आहेत. सगळ्या कविता, एक भाषांतर. संपादकाचं नाव कुठेच नाही. एका चौकटीत ‘किंमत आठ आणे’ एवढं आहे.

पुढच्या महिन्यात वाचनालयात छोटं प्रदर्शन लावायचं आहे. सायक्लोस्टाइल आणि आणे या दोन गोष्टींवरून आमच्यातल्या काहींचं म्हणणं असं की हा ‘शब्द’ या जुन्या कवितांच्या अनियतकालिकाचाच अंक, तसं कार्ड लावून टाकू. प्रश्न असे:

हा ‘शब्द’ आहे असं म्हणता येईल का? म्हटलं तर संपादक म्हणून नाव कोणाचं, कवी दिलीप चित्रे, अरुण कोलटकर की अशोक शहाणे? पिना काढायच्या का, आणि स्कॅन कसं करायचं? गठ्ठ्यात ‘गांधी मला भेटला’ ही वसंत दत्तात्रेय गुर्जरांची कविता पोस्टरच्या रूपातही आहे, आठ घड्या घातलेली. ती भिंतीवर लावली तर चालेल ना?

तळटीप

कार्ड लिहायची घाई नको. आधी शहाण्यांचं नाव या अंकापासून बाजूला काढा. त्यांचं अनियतकालिक ‘असो’ १९६३ चं. त्याच वर्षी ‘मनोहर’ मासिकात मराठी वाङ्मयावरचा त्यांचा तो ‘क्ष-किरण’वाला लेख आला, त्याच वर्षी नेमाड्यांची ‘कोसला’ही. म्हणून पुष्कळ जण लघुअनियतकालिकांच्या चळवळीचा जन्मच १९६३ धरतात आणि आधीचं सगळं त्यात कोंबतात. ‘शब्द’ त्याच्या जवळजवळ दहा वर्षं आधीचं. १९५४ च्या सुमारास सुरू झालं, १९६० पर्यंत चाललं. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ ही त्यामागची मंडळी. चित्र्यांचा जन्म १९३८ चा, म्हणजे सुरुवातीला वय सोळाच्या आसपास. कोलटकर १९३२ चे, ते बाविशीत. सायक्लोस्टाइल का, याचं निम्मं उत्तर या वयात आहे. छापखान्याला आगाऊ पैसे द्यायची ऐपत नसलेल्यांचं ते यंत्र.

त्यामुळे ‘संपादक: अमुक’ असं एकच नाव लिहू नका. त्या मंडळींत निवड करणारा, टाइप करणारा, यंत्र फिरवणारा, पाकिटं चिकटवणारा असे वेगळे खातेप्रमुख नसत. ‘संपादन: चित्रे, कोलटकर, समर्थ’ हेही अंकावर तसं छापलेलं दिसलं तरच लिहावं. नाही तर ‘यांच्या पुढाकाराने’ म्हणावं.

आता आण्यांचं. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. त्यापुढे किमती ‘न. पै.’ (नये पैसे) अशा लिहायला लागले आणि १ जून १९६४ ला ‘नये’ गळून नुसते ‘पैसे’ उरले. म्हणून ‘५० न. पै.’ असतं तर १९५७ ते ६४ ही चौकट जवळपास पक्की होती. आणे तितके पक्के नाहीत. जुनी आणि नवी नाणी काही वर्षं बरोबर चालली, आणि आठ आणे म्हणजे पन्नास पैसे हे बोलण्यात तर अजूनही आहे. तेव्हा आण्यांवरून ‘बहुधा पन्नाशीतला’, म्हणजे १९५० च्या दशकातला, एवढंच म्हणता येतं. आणि पन्नाशीतलं प्रत्येक सायक्लोस्टाइल ‘शब्द’ नव्हे. कॉलेजांची हस्तलिखितं, युनियनची पत्रकं, नाट्यसंस्थांच्या संहिता सगळं त्याच यंत्रावर निघायचं.

खरा पुरावा आतल्या मजकुरात. कवितांखाली नावं आहेत का? चित्रे किंवा कोलटकर असतील तर चित्र्यांचा पहिला संग्रह ‘कविता’ (१९६०) आणि नंतरची ‘एकूण कविता’, तसंच ‘अरुण कोलटकरच्या कविता’ (प्रास प्रकाशन, १९७७) समोर ठेवून ओळ न् ओळ ताडून बघा. कविता संग्रहात सापडली आणि काही ओळी वेगळ्या निघाल्या, तर तुमच्याकडचा पाठ आधीचा असण्याची शक्यता वाढते. नुसतं ‘सापडली’ म्हणून थांबू नका, पाठभेद टिपून ठेवा. अंकाचं नाव नाही सापडलं तरी अभ्यासकाला त्याचा उपयोग होईल.

जुळणीखाना

अंक हातात असताना आधी कागद मोजा, मग कविता वाचा. पानं ३ ते २६ म्हणजे २४. एका दुमडलेल्या फुलस्केपची चार पानं होतात, म्हणजे सहा कागद उरलेत आणि एक गेलाय. त्या एकावर १, २, २७ आणि २८. मुखपृष्ठ आणि शेवटचं पान वेगवेगळे हरवले नाहीत, तो एकच कागद पिनांतून सुटला. मुद्रकाची ओळ, पत्ता, अनुक्रम बहुधा त्यावरच होता. तेव्हा गठ्ठ्यातल्या इतर अंकांत खुपसलेला एखादा सुटा फुलस्केप आहे का ते आधी बघा की! हे सोडून लोक थेट इंटरनेटवर जातात.

आता दुमडलेल्या अंकाची गंमत. तुमच्या सर्वांत बाहेरच्या कागदावर एका बाजूला २६ आणि ३ शेजारी असतील, उलट बाजूला ४ आणि २५. शेजारच्या आकड्यांची बेरीज दर वेळी २९ यायला हवी. आली नाही तर आकडे चुकलेत किंवा तो कागद दुसऱ्याच अंकाचा आहे. आकड्यांची ओळ मध्येच तुटली तर मधला एखादा कागद गेलाय, उलटसुलट झाली तर कोणीतरी तो नंतर उलटा लावलाय. हा हिशोब टाइप करणाऱ्यालाही करावा लागे. आधी कोऱ्या कागदाची डमी दुमडून आकडे टाकायचे, मग कोणत्या स्टेन्सिलवर कोणती दोन पानं हे ठरायचं. कवितेच्या अंकात हे जास्त जाचक. कविता पानाच्या तळाशी दोन ओळींनी वाहिली की पुढची सगळी पानं सरकतात, आणि ती पानं पार दुसऱ्या स्टेन्सिलवर असतात.

फुलस्केप आडवा धरून टाइप करायचा तर टाइपरायटर लांब गाडीचा लागतो. तो नसेल तर अर्धी अर्धी स्टेन्सिल वेगळी टाइप करून डिंकासारख्या सिमेंटने जोडत. तुमच्या अंकात २६ आणि ३ या दोन पानांच्या ओळी एका रेषेत बसतात की एक पान किंचित तिरकं आहे? घडीजवळ उभी काळसर रेघ दिसते का? दिसली तर तो सांधा. असं दोन-तीन कागदांवर सारखं दिसलं तर काम कचेरीतल्या मोठ्या यंत्रावर न होता साध्या टाइपरायटरवर झालं, एवढं नक्की सांगता येतं.

स्टेन्सिल म्हणजे मेण लावलेला तलम कागद. टाइपरायटरची रिबन खटक्याने बाजूला करायची, खिळा नागडाच आपटायचा, मेण फुटून अक्षराच्या आकाराची फट पडते. यंत्राच्या पिंपातली शाई त्या फटीतून कागदावर येते. इंग्रजीत ओ जोरात बसला की मधला ठिपका गळून पडतो. देवनागरीत हा त्रास कितीतरी जास्त, कारण व, ब, भ, ठ, छ सगळ्यांना पोटं. आणि शिरोरेषा! जोर जास्त झाला की अक्षरांच्या डोक्यावरच्या फटी एकमेकींना मिळून लांबलचक चीर तयार होते आणि तिथेच स्टेन्सिल फाटते. हाताने लोखंडी लेखणीने कोरताना तर हे फार. म्हणून हाताने काढलेल्या शीर्षकांत शिरोरेषा तुटक किंवा गायब दिसली तर तिला लगेच नवकवितेचा बंडखोरपणा समजू नका, ती स्टेन्सिल वाचवायची युक्ती असू शकते.

चूक झाली तर लालसर द्रव ब्रशने लावून फट बुजवायची, वाळू द्यायचं, मग हलक्या हाताने परत टाइप. ते अक्षर शेजारच्यांपेक्षा फिकट किंवा जाड येतं. अशी अक्षरं शोधून यादी करा. टंकचूक कुठे सुधारली आणि कुठे अख्खा शब्दच बदलला, हे त्यावरून कळतं. छापील अंकात असा बदल जुळणी विस्कटल्यावर नाहीसा होतो, इथे तो कागदावर राहतो.

प्रती किती? चांगली स्टेन्सिल जपून वापरली तर हजाराच्या घरात जाते. शिरोरेषेला चीर गेलेली दोन-तीनशेतच मान टाकते. तुमची प्रत उशिराची असेल तर रेषांच्या कडा फुगलेल्या आणि पोटं भरलेली दिसतील. म्हणून गचाळ प्रत म्हणजे निष्काळजी संपादक असं लिहू नये.

पार्कचौक

बेरीज दर वेळी २९ येते. सुटा फुलस्केप सापडला नाही. २६ आणि ३ मध्ये सांधा दिसतो, ३ किंचित वर चढलेलं आहे. शीर्षकं हाताने काढलेली, शिरोरेषा तुटकच. दोन टाइपरायटर वापरले असावेत, कारण पान १५ पासून ‘र्‍या’ वेगळा दिसतो. ‘नांव’, ‘घरांत’, ‘कांहीं’ असे अनुस्वार सगळीकडे. यावरून १९६२ च्या आधीचा असं धरायचं का? कवींची नावं फक्त आद्याक्षरांत आहेत: ‘अ. को.’, ‘र. स.’ आणि आणखी दोन.

तळटीप

अ. को. आणि र. स. ही अक्षरं अंगावर रोमांच आणणारी आहेत खरी, पण आद्याक्षरं म्हणजे सही नव्हे. ‘अ. को.’ची कविता १९७७ च्या संग्रहात शब्दशः किंवा थोड्या फरकाने सापडली तर मात्र प्रकरण पुढे सरकतं.

अनुस्वारांबद्दल: साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ चे, पुढे १९७२ मध्ये आणखी ४ जोडून १८ झाले. अनुच्चारित अनुस्वार त्या नियमांनी गेले. पण नियम झाले म्हणजे दुसऱ्या दिवशी हात वळले असं नाही, जुन्या वळणाचे लोक १९७० च्या दशकातही ‘नांव’ लिहीत होते. या चळवळीतले लोक तर शुद्धलेखनाशी मुद्दाम झटापट करत, काही जण उच्चारल्यासारखं लिहीत. त्यामुळे अनुस्वार असणं हा अंक जुना असल्याचा कमजोर पुरावा. उलट बाजूने तो थोडा बरा चालतो: सगळीकडे नव्या नियमांचं लेखन असतं तर पन्नाशीतला म्हणणं अवघड गेलं असतं.

बाकीच्या १३ छापील अंकांसाठी एक सोपी कसोटी. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर अंक १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिनकोडच त्या दिवशी सुरू झाला. ‘मुंबई १’, ‘मुंबई ४’ असं असेल तर आधीचा असण्याची शक्यता, पण सवयीने नंतरही लिहीत. आणि मजकुरात ‘सत्यकथा’ हे मासिक जाळल्याचा उल्लेख असेल तर १९६९ किंवा त्यानंतरचा.

शाईवाला वकील

मुद्रकाच्या ओळीबद्दल एक भर. १८६७ चा छापखाने आणि पुस्तक नोंदणीचा कायदा ‘छपाई’ या शब्दात सायक्लोस्टाइलही धरत होता. म्हणजे ‘आम्ही छापलं नाही, नुसतं फिरवलं’ असं म्हणून सुटका नव्हती. मुद्रकाचं नाव आणि ठिकाण द्यायला हवंच. तरी पुष्कळांनी दिलं नाही. हा कायदा आता गेला, १ मार्च २०२४ पासून नवा नियतकालिक नोंदणी कायदा लागू आहे.

‘अनियतकालिक’ हे नाव नुसतं ऐटीचं नव्हतं, त्याला पोस्टाची बाजू होती. नोंदणीकृत वृत्तपत्राला टपालात मोठी सवलत, पण अट अशी की अंक ३१ दिवसांहून जास्त अंतराने निघता कामा नये. पैसे जमतील तेव्हा निघणाऱ्या अंकाला ती मिळणं शक्य नव्हतं. मग तो बुकपोस्टाने जायचा, दोन्ही टोकं उघडी, आत खासगी चिठ्ठी चालत नसे. म्हणून गठ्ठ्यात कागदी पट्ट्या किंवा रॅपर असतील तर कचरा समजून टाकू नका. त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्यात तारीख असते. तुमच्या सायक्लोस्टाइल अंकाच्या मधल्या घडीला आडवी दुसरी घडी असेल तर तो गुंडाळून पट्टीतून आला होता असं समजा.

पोस्टरबद्दल. ‘गांधी मला भेटला’ अशोक शहाण्यांनी पोस्टर म्हणून काढलं. पुढे १९९४ मध्ये ती कविता एका बँक कर्मचारी संघटनेच्या अंतर्गत पत्रिकेत आल्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १४ मे २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने पत्रिकेच्या संपादकाला, त्याने आधीच माफी छापली होती म्हणून, मोकळं केलं. कवीला मात्र ती सूट मिळाली नाही. शिवाय ऐतिहासिक आदरणीय व्यक्तीच्या तोंडी भाषा घालताना कसोटी कडक लागेल असंही न्यायालय म्हणालं. तेव्हा पोस्टर सार्वजनिक भिंतीवर लावण्याआधी वाचनालयाच्या कार्यकारिणीचा लेखी ठराव घ्या आणि एखाद्या वकिलाला निकाल वाचायला द्या. घडी न उलगडता, नाव दिसेल इतकं ठेवून काचेच्या पेटीत मांडणं हाही एक मार्ग. लावूच नका असं म्हणत नाही, पण अजाणतेपणी लावू नका.

स्कॅन इंटरनेटवर टाकण्याचं वेगळं. लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. कोलटकर २००४ मध्ये गेले, चित्रे २००९ मध्ये. दोघांचाही हक्क शाबूत आहे. कवितेचा हक्क कवीचा, संपादकाने छापली म्हणून त्याचा होत नाही. त्यामुळे संपादकाच्या वारसांची परवानगी आणली तरी प्रत्येक कवीची वेगळी लागते. वाचनालयात बसून अभ्यासकाला दाखवायला अडचण नाही.

कागदवाला

पिना काढा, पण आज नाही. सोलापूरचा मे म्हणजे हवा कोरडी ठणठणीत, त्यात असा कागद पापडासारखा वाजतो. दुमडीवर जोर आला की तुटलाच. पहिले दोन पाऊस पडू द्या, हवेत ओल आली की कागद आपोआप नरम पडतो. तोवर अंक सपाट पडून राहू दे, उघडू नका. पत्र्याच्या छताखालचा माळा आणि पश्चिमेची भिंत या दोन्ही जागा टाळा.

पिन काढताना पिनरिमूव्हर वापरायचा नाही, तो कागद उचकटतो. अंक उघडून मधली घडी वर, पिनेची दुमडलेली टोकं दिसतील. पिन आणि कागद यांच्यामध्ये पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवा, बोथट पात्याने एकेक टोक सरळ उभं करा, मग बाहेरच्या बाजूने अलगद ओढा. गंजाने टोक चिकटलं असेल तर ओढू नका, टोक कापा. परत पिन मारायची नाही. त्याच भोकांतून न रंगवलेला सुती दोरा ओवून सैल गाठ मारा. सेलोटेप आणि लॅमिनेशन बिलकुल नको. टेपचा गोंद काही वर्षांनी तपकिरी होऊन अक्षरांत उतरतो, आणि लॅमिनेशन केलेला कागद परत सोडवता येत नाही. फाटलेल्या जागी जपानी टिश्यू आणि गव्हाच्या खळीची पातळ पेस्ट.

सायक्लोस्टाइलची शाई तेलकट, त्यात काजळी. ती उन्हाने सहसा उडत नाही, पण तेल कागदात पसरून अक्षराभोवती पिवळी प्रभा येते आणि समोरच्या पानावर उलटी छाप उमटते. म्हणून दर दोन पानांत आम्लविरहित कागद घाला. जांभळ्या अक्षरांचं एखादं पान असेल तर ते वेगळ्या पद्धतीचं, स्पिरिटवाल्या यंत्राचं. ते उजेडाला फार नाजूक असतं, प्रदर्शनात मूळ पान ठेवू नका, रंगीत प्रत ठेवा.

गुंडाळायला सोलापुरात कापडाची काय कमी! पण कोरं मांजरपाट तसंच वापरू नका, त्याला सुताची खळ असते आणि खळ म्हणजे कसरीला जेवण. गरम पाण्यात दोनदा धुवा, साबण राहू देऊ नका, कडक वाळवा, मगच गुंडाळा. कडुनिंबाचा पाला पानांत घालू नका, डाग पडतात. किडा जिवंत दिसला तर अंक हवाबंद पिशवीत घालून उणे १८ किंवा त्याखाली जाणाऱ्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडायची नाही, नाही तर थंड कागदावर पाणी धरतं.

स्कॅन पिना काढल्यावर, दोरा ओवण्याआधी, अख्खा उघडा कागद, म्हणजे २६ आणि ३ एकत्र. सुटी पानं कापून वेगळ्या फाइली केल्या तर वर सांगितलेला सांधा कोणालाच दिसणार नाही. ४०० डीपीआय, रंगीत, टिफ. काळ्या-पांढऱ्यात केलं तर फिकट दुरुस्त्या उडतात. पाठीमागे काळा कागद ठेवा, म्हणजे मागच्या पानाची अक्षरं आरपार दिसत नाहीत. ऑटोफीडरमधून घालू नका. ओसीआरच्या, म्हणजे चित्रातली अक्षरं आपोआप ओळखणाऱ्या संगणकी सोयीच्या, नादी लागू नका, भरलेल्या पोटांपुढे ते व-ब-ठ ओळखत नाही. २४ पानं हाताने टाइप करायला दोन दिवस पुरतात.

पार्कचौक

‘अ. को.’च्या दोन कविता १९७७ च्या संग्रहाशी ताडल्या, दोन्ही त्यात नाहीत. रॅपर सापडलं, पण ते दुसऱ्याच अंकाचं. कार्डाचा मसुदा असा केलाय: ‘नाव अज्ञात. सायक्लोस्टाइल, मूळ पानं २८, उपलब्ध ३ ते २६. किंमत आठ आणे. बहुधा १९५० चं दशक. मुखपृष्ठाचा कागद उपलब्ध नाही.’ ‘शब्द’चा उल्लेखच काढला.

तळटीप

उल्लेख काढू नका, जागा बदला. शेजारी वेगळं कार्ड ठेवा: ‘याच काळात मुंबईत ‘शब्द’ हे सायक्लोस्टाइल अनियतकालिक निघत होतं’, आणि त्याखाली तिघांची नावं. संग्रहात कविता नाहीत याचा अर्थ त्या कोलटकरांच्या नाहीत असा होत नाही, कवी स्वतःच्या सुरुवातीच्या कविता गाळतातच. आणि कार्डावर ‘दोन टाइपरायटर, पान १५ पासून दुसरा’ हेही टाका. कुठल्या संग्रहात ‘शब्द’चा पक्का अंक असेल तर तो ‘र्‍या’ कोणीतरी शेजारी धरून बघेल.